पेट्रोलचा खर्च झेपत नाही: 2018 ची वॅगनआर, सीएनजी किट बसवावं का? (ऑगस्ट 2025)

हडपसरवाला
हडपसर ते रांजणगाव एमआयडीसी, जाऊन-येऊन 90 किमी, महिन्याला 24 दिवस. वाघोलीच्या कोंडीमुळे लिटरला 16 च मिळतात. पेट्रोल 104 च्या घरात. बजेट जास्तीत जास्त 50 हजार, नवी गाडी घेणार नाही. काय करू?

चार्ज_फुल
सरळ टियागो ईव्ही घ्या. युनिटला 7 किमी आणि घरच्या मीटरचा दर 10-12 रुपये धरला तर किमीला दीड-पावणेदोन रुपये पडतात. तुम्हाला आत्ता साडेसहा पडताहेत. माझी आहे, मी पंपाकडे ढुंकूनही बघत नाही.

हडपसरवाला
बजेट 50 हजार आहे हो.

गॅसकिट_पुणे
सीएनजीच. 2160 किमीला तुम्हाला 135 लिटर, म्हणजे 14 हजार लागतात. किलोला 22 किमी आणि दर 90 धरला तर 98 किलो, 8,800 रुपये. महिन्याला 5,200 वाचतील. पण चांगलं सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगवेगळा गॅस सोडणारं) आणि 60 लिटरची टाकी घ्यायची तर 60 हजार धरा, 50 मध्ये तडजोड होते. किटला तुमच्या मॉडेलची मान्यता हवी, आरसीवर इंधनबदलाची नोंद हवी (मोटार वाहन कायदा, कलम 52) आणि विमा कंपनीला कळवायला हवं. नोंद नसेल तर क्लेम अडकतो. गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर 3 वर्षांनी. त्या चाचणीची प्लेटवरची तारीख उलटली की पंपावर गॅस देत नाहीत.

टॅपेट
वरच्यांशी सहमत, सीएनजीच. पण पुढचंही ऐका. गाडी पेट्रोलवरच सुरू होते आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जाते, म्हणून टाकीत पाव तरी पेट्रोल ठेवा. इंधनाचा पंप पेट्रोलच्या टाकीतच असतो, तो पेट्रोलनेच थंड राहतो. कोरडा चालला की जळतो. गॅस कोरडा असल्याने व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात, टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) वेळेवर तपासून घ्या. प्लगचा गॅप थोडा कमी ठेवावा लागतो, नाहीतर चढावर मिसिंग. माझ्या गाडीत फिटरने रिड्यूसरचं (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम पाण्याचं कनेक्शन उलटं जोडलं होतं, थंडीत गॅसवर गाडी बंद पडायची. गॅसच्या टाकीत डिक्की गेली ती गेलीच.

बांदेकर
खरा प्रश्न कराचा आहे. सीमेवरच्या बांद्याची माणसं पलीकडे गोव्यातल्या पत्रादेवीला जाऊन टाकी भरतात, कारण तिथे लिटरमागे सातेक रुपये कमी. आपल्याकडे पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट, वर लिटरला 5.12 रुपये; डिझेलवर तो 5.12 नाही. केंद्राची अबकारी 21.90. आणि व्हॅट बसतो तो अबकारी धरून आलेल्या किमतीवर, म्हणजे करावर कर! दोन्ही मिळून लिटरमागे 46 च्या आसपास जातात.

चार्ज_फुल
पुण्याहून गोव्याला पेट्रोल भरायला कोण जाणार? आणि आंदोलनं करून काय मिळालं?

बांदेकर
10 सप्टेंबर 2018 ला भारत बंद झाला. 4 ऑक्टोबरला केंद्राने अबकारी दीड रुपयाने उतरवली, कंपन्यांनी रुपया सोसला, महाराष्ट्राने पेट्रोलवर अडीच रुपये कमी केले. दबाव आला की कर उतरतो, न बोलता कुणी उतरवत नाही. एप्रिल 2022 पासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला, तुमच्या किटचं गणित त्यामुळेच जुळतंय.

मापात_पाप
किट जाऊ द्या, आधी माप बघा. प्रत्येक पंपावर वैधमापनने मुद्रांकित केलेलं 5 लिटरचं माप असतं. ते मागा, भरून दाखवायला लावा. 25 मिलीपेक्षा जास्त कमी भरलं तर तिथेच तक्रार करा. पहाटे भरलं की जास्त मिळतं वगैरे खोटं आहे, टाक्या जमिनीखाली असतात.

टॅपेट
2018 ची गाडी ई10 साठीची, म्हणजे 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची आहे, आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल) येतं. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच अशा चारचाकींचं मायलेज 6-7 टक्के घटेल असं लिहिलंय. पावसात टाकीच्या झाकणाचं रबर तपासा. पाणी शिरलं तर इथेनॉल ते ओढून तळाला बसतं आणि गाडी गचके देते. टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा.

गॅसकिट_पुणे
पुन्हा सांगतो, सीएनजी. वर्षभरात पैसे फिटतात.

हडपसरवाला
सगळं वाचलं, आभार. किट बसवत नाही. त्याच शिफ्टचे दोघं फुरसुंगी आणि मांजरीचे आहेत, तिघांनी आठवड्याच्या पाळीने आपापली गाडी काढायची ठरवलंय. माझी गाडी महिन्याला 720 किमीच चालेल, म्हणजे सीएनजीने 1,700 च वाचतील आणि 60 हजार फिटायला तीन वर्षं लागतील. तोवर गाडी दहा वर्षांची होते. हवा आणि झाकणाचं रबर मात्र या रविवारीच बघतो.

गॅसकिट_पुणे
चूक करताय, पण तुमची मर्जी. एक सांभाळा: आपसात भाडं म्हणून पैसे घेऊ नका. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने माणसं नेली असं निघालं तर अपघातात विमा हात वर करेल. पाळीपाळीनेच चालवा.