धूळ निसर्गाचीही असते, पण...
कोणीतरी लिहिलंय की धूळ तर वादळं नि ज्वालामुखीपण उडवतात, मग हवेच्या प्रदूषणाचा सगळा दोष माणसाला का. अर्धी गोष्ट खरी आहे, सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून थेट अ‍ॅमेझॉनपर्यंत जाते आणि १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याच्या सल्फर डायऑक्साइडपासून जे बारीक कण बनले त्यांनी पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या डिग्रीने खाली आणलं. पण कणाचा साइज बघा ना! वाऱ्याने उडालेली धूळ बरीचशी जाडसर, नाकात-घशात अडकते. डिझेल, कोळसा, लाकूड जाळून निघतात ते कण मुख्यतः पीएम २.५ मधले (म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक), केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान, सरळ फुफ्फुसाच्या तळाशी जाणारे. शिवाय गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि शेतातल्या खतांचा अमोनिया यांच्यापासून हवेतच नवे कण तयार होतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. थंडीत धूर तेवढाच असला तरी जमिनीलगतची गार हवा वर जात नाही, झाकण बसल्यासारखं होतं नि धूर खालीच कोंडतो. आणि वणव्यांना सरसकट नैसर्गिक म्हणायला मी तयार नाही, त्यातले बरेचसे माणसाने लावलेले नाहीतर त्याच्या हलगर्जीपणाने लागलेले असतात.