मदत हवी आहे : वाचनगटासाठी पुढची कादंबरी सुचवा

नमस्कार मंडळी, दापोलीत आमचा छोटा वाचनगट आहे. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) नुकतीच वाचून झाली. बापू आणि राधेवरून अशी जुंपली की चहा कपातच गार झाला!

आता पुढे काय? 'तुंबाडचे खोत'चे दोन जाडजूड खंड आंब्याच्या हंगामात बागायतदारांना झेपणार नाहीत. माझा ओढा पेंडसे यांच्याच 'रथचक्र'कडे आहे. मुलांच्या शिक्षणासाठी झगडणारी त्यातली आई आमच्या काकू-मावश्यांना जवळची वाटेल. पण लागोपाठ एकच लेखक नको, हेही पटतं.

कोकणातल्या लेखिकेची, दोनेकशे पानांची, वाचनालयात सहज मिळणारी एखादी कादंबरी सुचवाल का? कोळीवाड्यातलं जगणं असेल तर फारच उत्तम.