मदत हवी आहे: गोळी न घेता झोप येण्यासाठी घरगुती/आयुर्वेदिक उपाय सांगा

कोरडवाहू_दारव्हा (रात्री २.४२)
झोप येत नाही. दोन वर्षं झाली. आठवड्यातून चार-पाच रात्री डोळे टक्क उघडे राहतात. गोळी नको, हे आधीच सांगतो. झाडपाल्याचं, घरगुती काही हमखास लागू पडणारं असेल तर सांगा. जायफळ करून पाहिलं, फरक नाही. अश्वगंधा घ्यावी का, किती आणि कोणत्या वेळी? गावात वैद्य नाही, दारव्ह्याला गेलं की अर्धा दिवस मोडतो. मोबाईल बंद करा असं कोणी सांगू नका, झोपताना मी तो हातात घेत नाही. आज सहन होईना म्हणून घेतला. पाचला उठायचं आहे. लवकर सांगा.

आजीचा_बटवा_वर्धा (सकाळी ५.५५)
भाऊ, जायफळ पुडीतलं वापरलं असेल तर फरक पडणार नाही. अख्खं जायफळ घ्या आणि सहाणेवर दुधात सहा-सात वळसे उगाळा, जास्त नको. ते म्हशीच्या कोमट दुधात घालायचं. म्हशीचंच का, तर झोप आणायला म्हशीच्या दुधासारखं दुसरं काही नाही असं चरकाचार्यांनीच सांगून ठेवलंय. आणि तळपायाला तिळाचं तेल लावून काशाची वाटी फिरवायची, वाटी काळी पडेपर्यंत. माझ्या सासूबाईंना मी रोज करून देत होते, दुसरा पाय होईस्तोवर त्या घोरायला लागायच्या. पंधरा दिवस न चुकता करा.

काळी_कसदार (सकाळी ६.२०)
वय किती हाय तुमचं? बीपी-शुगर? चहा किती होते दिवसाचे? नुसतं झोप येत नाही म्हटल्यानं काय समजणार बाप्पा. पडल्यावर लागत नाही, का लागते अन् मधातच मोडते?

कोरडवाहू_दारव्हा (सकाळी ६.५०)
वय ४१. बीपी-शुगर काही नाही. चहा चार-पाच, सगळेच घेतात. पडल्यावर लागतच नाही. अश्वगंधेबद्दल विचारलं होतं, त्यावर कोणीच बोललं नाही.

रानवाटा_वाशीम (सकाळी ८.०५)
अश्वगंधा हळू काम करते, तुम्हाला घाई आहे. सर्पगंधा घ्या. सर्पगंधा घनवटी, रात्री दोन. आपल्या लोकांना आपल्या वनस्पतीची किंमत नाही. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हिच्यावर लिहिलं, नंतर सगळ्या जगाने उचललं. मी स्वतः वर्षभर घेतली, लेकरासारखा झोपायचो. शंभर टक्के नैसर्गिक, साईड इफेक्ट शून्य.

उपकेंद्रातली_ताई (दुपारी १.१५)
साईड इफेक्ट शून्य, हे कृपया लिहू नका. मी आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. सर्पगंधेतून १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते अनेक वर्षं रक्तदाबाचं औषध म्हणून दिलं जायचं. बीपी नसलेल्या माणसाने मनानेच घेतलं तर बीपी खाली येतं, उठताना चक्कर येते आणि मन उदास होऊ शकतं. ती वनस्पती औषध आहे, म्हणून तर काम करते. वैद्यांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी.
अश्वगंधेबद्दल: ज्या अभ्यासांत थोडाफार फायदा दिसला, त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ-दहा आठवडे दिला होता. फायदा दिसला, पण बेताचा. थायरॉईडची गोळी चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर नको. जायफळही चमचा-चमचा घेतलं तर उलट्या होतात, छाती धडधडते, भ्रम होतो.
भाऊ, दिवसभराचं वेळापत्रक लिहा. कामाचं, रात्रीचं, सगळं.

रानवाटा_वाशीम (दुपारी १.४०)
ताई, तुम्ही ॲलोपॅथीवाले, तुम्ही असंच म्हणणार. मला काहीच झालं नाही.

उपकेंद्रातली_ताई (दुपारी १.५२)
तुम्हाला झालं नाही याचा आनंद आहे. त्या वर्षात बीपी किती वेळा मोजलं होतं?

विदर्भकन्या_७ (दुपारी ३.१०)
माझे मिस्टर फार घोरतात. नाकात गाईच्या तुपाचे दोन-दोन थेंब टाकायला लागल्यापासून आवाज कमी झाला. ज्यांना घोरण्याचा त्रास आहे त्यांनी करून बघा.

काळी_कसदार (संध्याकाळी ६.३०)
भाऊचं घोरण्याचं नाही ना ताई, त्यायले झोपच नाही. भाऊ, दोन गोष्टी विचारतो, राग मानू नका. शेवटचा चहा किती वाजता? अन् तंबाखू-सुपारीचा खर्रा?

कोरडवाहू_दारव्हा (रात्री ९.०५)
खर्रा खातो. दिवसातून सहा-सात होतात. शेवटचा चहा रात्री दहाला, जागलीवर थर्मास नेतो.
वेळापत्रक विचारलं म्हणून लिहितो. चार एकर हरभरा, दोन एकर तूर. लाईन एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की दहाला मोटर चालू, मग दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात. दिवसाची असली तरी डुकरं अन् रोही (नीलगाई) सुखानं झोपू देत नाहीत. तूर फुलावर आली की माळ्यावर बसावंच लागतं. मागच्या वर्षी एका रात्रीत पाऊण एकर आडवं केलं होतं. घरी असलो तरी दहाला अंग आपोआप उठतं, कुत्रं भुंकलं की टॉर्च हातात. हे सगळे शेतकरी करतात, त्यांना झोप येते, म्हणून आधी लिहिलं नाही.

काळी_कसदार (रात्री ९.३०)
हेच तर पहिले सांगायचं होतं. सगळ्यायले कुठं येते भाऊ, सांगत नाही कोणी. मी तीन वर्षं असाच काढले. खर्रा रात्री तोंडात असला तर जायफळ काय करणार? तंबाखू जागवते, सुपारी जागवते, वरून चहा. आधी संध्याकाळनंतरचा खर्रा सोडून पाहा. अन् डुकरांसाठी वावराच्या कडेले करंटच्या तारेचं झटका मशीन लावजा.

पांढरं_सोनं_राळेगाव (रात्री ९.५०)
झटका मशीनची बॅटरी दोन वर्षांत बसते आणि गवत तारेला लागलं की करंट उतरतो. त्यापेक्षा सौर पंप घ्या, म्हणजे रात्रीचं ओलितच बंद. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत १० टक्के आपण भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. आमच्याकडे बसला.

काळी_कसदार (रात्री ९.५८)
सोलरनं ओलित दिवसा होईल, डुकरं काय दिवसा येतात? गवत दर आठ दिवसांनी कापा, करंट कायले उतरते.

पांढरं_सोनं_राळेगाव (रात्री १०.१०)
पावसाळ्यात दर आठ दिवसांनी सहा एकरची कड कोण कापतो ते सांगा. मजूर मिळतो का?

उपकेंद्रातली_ताई (रात्री १०.२०)
पंपाचं नंतर बोला. भाऊ, पहिल्या ओळीत तुम्ही गोळी नको लिहिलंय. आधी घेत होता का? कोणती? कधी बंद केली?

कोरडवाहू_दारव्हा (रात्री १.१२)
घेत होतो. अल्प्राझोलाम ०.५, रोज एक, चौदा महिने. मेडिकलवाला पट्टीतून कात्रीने कापून चार-चार गोळ्या कागदात बांधून द्यायचा, चिठ्ठी कधी मागितली नाही. सवय लागते असं मेव्हण्याने सांगितलं, म्हणून पाच दिवसांपूर्वी पूर्ण बंद केली. घरात कोणाला माहीत नव्हतं, बायकोलाही नाही. तेव्हापासून एक मिनिट डोळा लागला नाही. हात थरथरतो, काल पाईपचा क्लॅम्प लावता येईना. घाम येतो, एवढ्या थंडीत बनियन ओली होते.

उपकेंद्रातली_ताई (रात्री १.१९)
जागी आहे, मोबाईल जवळ आहे. नीट वाचा.
चौदा महिने रोज घेतलेली ही गोळी एका दिवसात सोडायची नसते. आधी होती त्यापेक्षा जास्त निद्रानाश होतो, हात कापतात, घाम येतो, आणि फिटही येऊ शकते. आता जे होतंय त्यातलं बरंच त्यामुळेच आहे. तुमचं डोकं बिघडलेलं नाही. आज रात्री विहिरीवर, मोटरीजवळ एकट्याने जाऊ नका. वहिनींना आत्ता उठवून सांगा. फिट आली, भ्रम झाला तर १०८ लावा. नाहीतर सकाळी ग्रामीण रुग्णालय गाठा, उरलेल्या गोळ्यांचा कागद सोबत न्या. गोळी परत किती सुरू करायची आणि किती आठवड्यांत कमी करायची, हे डॉक्टर ठरवतील. वाट बघताना बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये येते, चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. तुमची चूक नाही भाऊ, कोणीतरी आधीच अडवायला पाहिजे होतं.
सर्पगंधा, अश्वगंधा, काहीही आत्ता त्यात मिसळू नका.

आजीचा_बटवा_वर्धा (सकाळी ६.००)
मला हे माहीत असतं तर जायफळ सांगितलंच नसतं. भाऊ, ताईंचं ऐका. गेलात का?

रानवाटा_वाशीम (सकाळी ७.३०)
घनवटीचं मागे घेतो. मी आधी गोळीबद्दल विचारायला पाहिजे होतं. दवाखान्यात जाऊन या.

कोरडवाहू_दारव्हा (बारा दिवसांनी, संध्याकाळी ७.१५)
उशिरा लिहितो, माफ करा. त्या रात्री बायकोला उठवलं. ती काही बोलली नाही, चूल पेटवून माझ्याजवळ बसून राहिली. सकाळी मोठ्या भावाने गाडीवर नेलं. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी परत सुरू केली आहे, दर दोन आठवड्यांनी थोडी कमी होणार, पूर्ण सुटायला तीन-चार महिने लागतील म्हणाले. थरथर गेली. आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिन्यांच्या वर असलं की जुनाट निद्रानाश म्हणतात, त्याचा मुख्य इलाज गोळी नसून झोपेच्या सवयी बदलण्याचा आहे, असं सांगितलं. झोप आल्याशिवाय खाटेवर जायचं नाही. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून बाहेर बसायचं. रात्र कशीही जावो, उठायचं ठरलेल्या वेळी. दुपारी दोननंतर चहा नाही. खर्रा तीनवर आणला, संध्याकाळनंतर नाही. तेच सगळ्यात अवघड जातं.
अश्वगंधा विचारली, गोळी सुटेपर्यंत थांबा म्हणाले. तळपायाचं तेल चालेल म्हणाले, ते बायको लावून देते. वाटी काळी होते, पण झोप अजून एक-दीडच्या आधी येत नाही. काल मात्र साडेअकरा ते चार झोपलो, सलग.
जागलीचं भावाशी बोललो. एक रात्र त्याची, एक माझी. त्याचंही वय पन्नास, ते मनाला लागतं.
पांढरं_सोनं, सौर पंपाचा अर्ज टाकतोय. विहीर माझी आणि भावाची सामाईक आहे, सातबारावर दोघांची नावं. संमतीपत्र लागतं का, आणि ते कोणत्या कागदावर दिलं होतं?