निवाऱ्यातील तपासणी: यकृत आणि साखर एकत्र कशी पाहावी?

प्रश्न (परिचारिका):
आम्ही काही जण बेघर निवाऱ्यात आठवड्यातून एकदा आरोग्य तपासणी करतो. आजवर रक्तदाब आणि साखर एवढेच पाहत होतो. येणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत मधुमेह, वाढलेले पोट, मद्यपान आणि कावीळ होऊन गेल्याची हकीकत हे सारे एकाच माणसात दिसते, म्हणून यकृताची तपासणीही सुरू करावी असे वाटते. अडचण अशी की मागच्या वेळी रक्त दिलेले बरेच जण अहवाल येण्याआधीच निघून गेले. एका गृहस्थांची साखर खूप वाढलेली निघाली, पण त्यांनी दिलेला फोन बंद आहे आणि तो कागद अजून माझ्या फाइलमध्येच आहे. शिवाय ज्याला दिवसाचे पहिले अन्न इथेच मिळते, त्याला उपाशीपोटी या असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

प्रतिसाद (डॉक्टर):
उपाशी ठेवण्याची गरज नाही. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, जेवणानंतरही करता येते, ६.५ टक्के किंवा अधिक आल्यास मधुमेह धरतात, मात्र लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करावी. रक्तक्षय असल्यास हा आकडा फसवा ठरू शकतो.

यकृतासाठी फिब-४ वापरा, म्हणजे यकृत किती घट्ट झाले असावे याचा अंदाज देणारे गणित. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (रक्तात मोजली जाणारी यकृताची दोन विकरे) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एवढ्यावर ते निघते: वयाला एसजीओटीने गुणायचे आणि प्लेटलेट आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. समजा वय ५४, एसजीओटी ५०, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट दीड लाख, म्हणजे सूत्रात १५०. उत्तर ३ येते. यातला कोणताही आकडा एकटा पाहिला तर कोणी दचकणार नाही, पण २.६७ च्या वरचे उत्तर यकृत बरेच घट्ट झाल्याची शंका दाखवते आणि अशा माणसाला तज्ज्ञांकडे पाठवायलाच हवे. १.३ च्या खाली धोका कमी. पासष्टीनंतर ही खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे गणित फारसे भरवशाचे नाही. मधल्या आकड्यांसाठी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा बाहेरून मोजणारी तपासणी, करावे. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून यकृत ठीक आहे, असे मात्र कोणालाही सांगू नका. सिरॉसिस, म्हणजे यकृत कायमचे घट्ट आणि खराब होणे, झालेल्यांतही ते नॉर्मल असू शकते.

हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंमुळे होणाऱ्या यकृताच्या आजारांची तपासणी बोटातल्या थेंबावर तिथल्या तिथे होते. सीची चाचणी पॉझिटिव्ह आली तर विषाणू अजून रक्तात आहे का, हे आरएनए चाचणीने पाहावे लागते. असल्यास ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.

प्रतिसाद (समाजकार्यकर्ती):
ताई, माझ्या अनुभवात तपासणीपेक्षा तिच्यानंतरचे काम मोठे असते. ज्याला पुढे कुठे पाठवायचे हे आधी ठरलेले नाही, अशा आजाराची तपासणी सुरूच करू नये, कारण निदान हातात ठेवून उपचाराचे दार बंद असणे हे त्या माणसावर आणखी एक ओझे टाकणे आहे. शक्य तेवढ्या चाचण्या त्याच बैठकीत उरकाव्यात. फोन नंबरापेक्षा ‘रात्री कुठे असता, निरोप कोणाजवळ ठेवू?’ असे विचारून त्यांची संमती लिहून घ्यावी. दारूबद्दल रांगेत उभे असताना विचारू नका. बाजूला बसवून, आधी ‘झोप लागते का, जेवण कुठे होते?’ असे बोलून मग विचारले तर माणूस खरे सांगतो. वजन कमी करा हा सल्लाही जपून द्यावा. मिळेल ते खाणाऱ्याला आहाराचा छापील तक्ता देणे मला क्रूर वाटते. गोड पेये टाळणे आणि दारू कमी करणे यापासून सुरुवात करता येते. रोज बऱ्याच प्रमाणात पिणाऱ्याला मात्र एकदम बंद करा असे सांगू नये, कारण त्याला झटके येऊ शकतात.

परिचारिका:
आपणा दोघांचे आभार. यकृताचे तज्ज्ञ कोणत्या दिवशी रुग्ण घेतील हे नक्की झाल्यावरच रक्त घ्यायला सुरुवात करू. फाइलमधल्या त्या गृहस्थांनी मागे सांगितले होते की काही निरोप असल्यास इथल्या स्वयंपाकघरातल्या काकांकडे ठेवा, हे आत्ता आठवले. आजाराचे नाव न घेता ‘ताई भेटायला बोलावत आहेत’ एवढाच निरोप आज त्यांच्याकडे दिला आहे.