मदत हवी आहे : स्ट्रेप्टोमायसिसचा झोन गेला. जीन उडाले की नुसते गप्प आहेत?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी प्रयाग चिखलीकडच्या उसाच्या रानातली माती स्टार्च केसीन अगारवर लावली, त्यात एक सुरेख स्ट्रेप्टोमायसिस (अँटिबायोटिक बनवणारा मातीतला जीवाणू) मिळाला. राखाडी, खडूच्या भुकटीसारखी कॉलनी, झाकण उघडलं की जिओस्मिनचा तो पहिल्या पावसाचा वास, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर ठसठशीत झोन, म्हणजे कॉलनीभोवती तो जंतू न वाढलेलं वर्तुळ.

सबकल्चर करत गेल्यावर काही कॉलन्या बाल्ड निघू लागल्या. वर पूड धरतच नाही, ओल्या चकचकीत राहतात, आणि झोनही नाही. ग्लिसरॉल स्टॉकमधून काढलेल्या मूळ कॉलनीला मात्र अजून झोन येतो.

सर म्हणाले, अँटिबायोटिक बनवणाऱ्या जीनचा गट, म्हणजे क्लस्टरच उडालं असणार. पटण्यासारखं आहे, कारण स्ट्रेप्टोमायसिसचं क्रोमोसोम सरळ असतं, टोकं अस्थिर असतात, तिथले मोठमोठे तुकडे गळतात. अँटिबायोटिकचे जीन एकाला एक लागून बसलेले, त्यामुळे जायचे तर सगळेच एकदम जातात. पण मला दुसरी शंका येते. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या प्रजातीत ‘बीएलडी-ए’ (bldA) नावाचा एकच टीआरएनए जीन (टीआरएनए म्हणजे प्रथिन बनताना कोडॉन वाचणारा रेणू) बिघडला तरी कॉलनी बाल्ड होते आणि अँटिबायोटिकही थांबतं. तिथे क्लस्टर जागेवरच असतं, फक्त ते चालू करणाऱ्या जीनमधला टीटीए हा तीन अक्षरी कोडॉन वाचायला कोणी नसतं. तो म्युटंट मॅनिटॉलवर पुन्हा पूड धरतो, म्हणून तशी प्लेट लावली आहे.

अडलंय ते पीसीआरला, म्हणजे क्लस्टरमधल्या जीनचा तुकडा वाढवून तो आहे का ते बघायला. टाइप टू पीकेएस (अँटिबायोटिक बनवणारा एक एन्झाइम-गट) मधल्या कीटोसिंथेजच्या जीनचे डिजनरेट (मिश्र क्रमाचे) प्राइमर वापरतेय, पण मूळ स्ट्रेनलाही बँडऐवजी नुसता पसरट स्मिअर येतो. डीएनएत जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण (जीसी) ७० टक्क्यांच्या वर, त्यामुळे धागे सहज सुटत नाहीत, म्हणून ५ टक्के डीएमएसओ घातलं. त्याने थोडा फरक पडला, स्वच्छ बँड नाही. त्याच कामासाठी बीटेन घालून कोणाला जमलंय का? डीएनए काढताना पेशीभित्तिका फोडणारं लायसोझाइम जास्त वेळ ठेवावं का?

आणि मुख्य प्रश्न : मूळ स्ट्रेनमध्ये बँड आला आणि बाल्डमध्ये नाही, तर क्लस्टर गेलं असं लिहिता येईल का? एका स्ट्रेप्टोमायसिसमध्ये अशी वीसेक क्लस्टर असू शकतात. झोन देणारं रसायन एनआरपीएस या वेगळ्याच एन्झाइम-गटाचं निघालं, तर माझा बँड भलत्याच क्लस्टरचा ठरेल. पूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग आमच्या खर्चात बसत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये होईल असा पुरावा कोणता, ते कृपया सांगा.