मसाला घातलेली बर्बन: व्हिस्की की काढा?

खडामसाला (मूळ धागा)
दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घातलेली बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, काल पहिल्यांदा घेतली. साधी बर्बन मला कायम ओलं लाकूड चाटल्यासारखी लागते, हिच्यात निदान चव तरी आहे. शुद्धतेच्या ठेकेदारांनी नाकं मुरडणं आता थांबवावं. चहात आलं-वेलची लागते, दुधात जायफळ लागतं, आणि व्हिस्कीत मसाला पडला की लगेच यांचा धर्म बुडतो!

चारकोल५१
'ओलं लाकूड' वाचलं आणि हातातला कप खाली ठेवला. अहो, ते लाकूड ओलं नसतं, जाळलेलं असतं. नव्याकोऱ्या ओकच्या पिंपाला आतून आग लावून कोळसा करतात. त्या कोळशामागच्या थरातून व्हॅनिला उतरतो, जळक्या साखरेची चव उतरते आणि लवंगही उतरते. लवंगेला लवंगपण देणारं युजेनॉल ओकमध्येही असतं, विश्वास नसेल तर नसो. वर राय, गव्हासारखंच एक धान्य. फोर रोझेस या बर्बनच्या एका मिश्रणात ३५ टक्के राय असते. जिभेच्या कडेला मिरीसारखा चटका बसतो तो तिचा. मसाला आत आहेच, फक्त घोट तोंडात घोळवायला लागतो. तुम्हाला तो कुणीतरी भरवायला हवाय.

दुसरं म्हणजे बर्बन म्हणवून घ्यायचं तर धान्यात किमान ५१ टक्के मका, नवं जाळलेलं ओक, आणि वरून पाण्याशिवाय काही नाही. दालचिनी पडली की लेबलावरची भाषा बदलावीच लागते. बर्बनला किमान ४० टक्के अल्कोहोल लागतं, फ्लेवर्ड व्हिस्कीला ३० चालतं. मधली जागा बहुतेक वेळा कोण भरून काढतं? पाणी आणि साखर.

मागच्या थँक्सगिव्हिंगला मेव्हणा आमच्याकडे जर्सीला आला होता. तोही तुमच्याच पंथाचा. राय जास्त असलेली साधी बर्बन काचेच्या सुरईत ओतून ठेवली आणि गप्प बसलो. दुसऱ्या पेगला म्हणतो, "दाजी, लवंग झकास उतरलीय, किती घातल्या?" एकही नाही.

खडामसाला
मेव्हण्याच्या दुसऱ्या पेगवर सिद्धांत उभे राहायला लागले की बोलणंच खुंटलं. आता इतिहास ऐका. 'कॉकटेल' म्हणजे काय ते १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्राने छापलं होतं: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे मुळ्या-साली दारूत भिजवून काढलेला अर्क, शुद्ध मराठीत काढाच. तुमच्या त्या ओल्ड फॅशन्ड नावाच्या व्हिस्कीच्या कॉकटेलमध्ये पडणारं अँगोस्टुरा बिटर्स १८२४ साली व्हेनेझुएलात एका जर्मन डॉक्टरने औषध म्हणून बनवलं. ग्लासात मसाला पडला तर परंपरा, बाटलीत पडला तर भेसळ?

चारकोल५१
ग्लासात मी थेंब मोजतो. बाटलीत कंपनी मोजते, आणि ती माझ्या जिभेकडे नाही, हिशेबाकडे बघून मोजते. कोवळ्या व्हिस्कीचं तिखटपण झाकायला दालचिनीसारखं स्वस्त पांघरूण नाही. आणि तुम्ही 'दालचिनीची बर्बन' म्हणून फायरबॉल तर पीत नाही ना? तिची व्हिस्की कॅनडाची आहे, ३३ टक्क्यांची.

खडामसाला
नाही पीत. आणि प्यायलो तरी तुमची परवानगी काढणार नाही.

डबलवेलची
दोघांनी जरा दम घ्या. मी घरी करते म्हणून बोलते. पहिल्यांदा ७५० मिलीच्या बाटलीत आठ लवंगा आणि दालचिनीचे दोन तुकडे टाकले, आणि दिवाळीच्या गडबडीत बाटली विसरले. आठवड्याने बूच उघडलं तर थेट दातांच्या डॉक्टरचा दवाखाना! नवरा म्हणाला, पिऊ नको, दाढेत कापसाने लाव. अर्धी बाटली बेसिनमध्ये गेली, उरलेली ख्रिसमसच्या केकमध्ये. तेव्हा कळलं की दारू लवंगेचा अर्क चहापेक्षा किती निर्दयपणे ओढते. आता लवंगा दोनच, त्याही संध्याकाळी टाकून सकाळी बाहेर. दालचिनी तीन दिवस. संत्र्याची साल घ्यायची तर आतला पांढरा भाग चाकूने खरवडून, नाहीतर कडू होते. जायफळाच्या वाटेला जात नाही, तळाशी गाळ बसतो.

आणि दालचिनी म्हणून वाण्याकडे जी जाड, करकरीत साल मिळते ती बहुधा कॅशिया, म्हणजे दालचिनीची उग्र बहीण असते. श्रीलंकेची पातळ, सिगारसारखी गुंडाळलेली साल घाला, मग बर्बनमधला व्हॅनिला मरत नाही. मसाल्याची बर्बन वाईट नसते, हात जड असला की वाईट होते.

चारकोल५१
हे मान्य. घरी, स्वतःच्या हाताने, दोन लवंगा. एवढ्यापुरतं मान्य.

खडामसाला
फटाके वाजवू का?

काणकोणकार
तुमचं हे अमेरिकन भांडण वाचून हसू येतंय. दारूत मुळं भिजवायला बर्बनचं माहेर केंटकी कशाला हवं? आमच्याकडे दुकशिरीची फेणी आजोबांच्या आधीपासून आहे. दुकशिरी म्हणजे तुमची उपळसरी. मुळं धुऊन, वाळवून काजूच्या फेणीत सोडायची, की रंग तांबूस होतो आणि वास व्हॅनिलाच्या जवळपास जातो. तुम्ही ज्याच्यासाठी पिंप जाळता ते आमच्या रानात फुकट उगवतं. पण त्यावर कोणी धागा काढत नाही, कारण बाटलीवर इंग्रजी नाव नाही.

सोडावॉटर
फेणी नको रे बाबा. एकदा पणजीत एका हॉटेलात घेतली होती, शर्टाला दोन दिवस वास.

काणकोणकार
आलात? तुमचीच वाट बघत होतो. हॉटेलवाल्याने पर्यटकाला काय ओतलं ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही, पण शिव्या फेणीला. पात्रांव, कधी भट्टीवर आलाय? काजूची बोंडं झाडावरून ओढत नाहीत, पिकून खाली पडली की वेचतात. तुडवून रस काढतात, तो आंबवतात. पहिल्या धारेची ती उर्राक, पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, स्कॉचसारखं. आंबलेल्या फळाचा वास येणारच, फळाचीच आहे ती! स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या, पीट नावाची दलदलीतली माती जाळून धुरकट केलेल्या व्हिस्कीला इस्पितळाचा वास आला की तुम्ही डोळे मिटून 'वा, काय पीट आहे' म्हणता. फेणीला वास आला की नाक दाबता. याला काय म्हणायचं ते मी लिहीत नाही, मॉडरेटर उडवतील.

सोडावॉटर
एवढं चिडायला काय झालं? माझा शर्ट, माझं नाक.

काणकोणकार
नाक तुमचं, बदनामी आमची.

चारकोल५१
काणकोणकारांच्या बाजूने. दुकशिरीची फेणी एकदा मडगावच्या मित्राच्या घरी प्यायलोय, कोकम घातलेल्या माशाच्या आमटीबरोबर. गिळल्यावर बराच वेळ मागे रेंगाळत होती. अप्रतिम.

खडामसाला
थांबा थांबा, स्क्रीनशॉट काढतो. फेणीत मुळं भिजवली तर अप्रतिम, बर्बनमध्ये दालचिनीची काडी बुडवली तर काढा? साहेब, आता बोला.

चारकोल५१
तिथे फेणी आधी फेणी म्हणून उतरते आणि नावातच दुकशिरी असल्याचं सांगते. कोण लपवतंय?

खडामसाला
माझ्या बाटलीवरही 'दालचिनी' ठळक छापलंय. म्हणजे तुमचं भांडण चवीशी नव्हतंच, लेबलाशी होतं. तीन दिवस आम्हाला ओकचं रसायनशास्त्र उगाच शिकवलंत.

चारकोल५१
लेबलाशी अर्धं, साखरेशी अर्धं. बिनसाखरेची बाटली दाखवा, मसाल्याचं काय ते मग बघू. आणि ओलं लाकूड हा शब्द मागे घ्या.

खडामसाला
घेतला. भाजकं लाकूड.

डबलवेलची
काणकोणकार, दुकशिरीची मुळं सुकी मिळतात का? बर्बनमध्ये घालून बघायचीत.

काणकोणकार
बर्बनमध्ये? देवा! मिळतात. मे संपायच्या आत या, तोवर भट्टी चालू असते. सोडावॉटर, तुम्हीही या, जुना शर्ट घालून.

सोडावॉटर
येतो. लिम्का चालेल ना?

काणकोणकार
उर्राकात चालेल. फेणीत ओतलीत तर जेवण अंगणात.