मदत हवी आहे: क्वेकचं (१९९६) सीडी-संगीत लूप होताना मध्ये शांतता येते

क्वेक या संगणक-खेळाची मूळ सीडी मिश्र स्वरूपाची आहे: ट्रॅक १ मध्ये डेटा, २ ते ११ मध्ये संगीत. माझ्याकडे तिची बिन-क्यू इमेज आहे (सीडीची फाइलरूपी प्रत: बिनमध्ये डेटा, क्यूमध्ये ट्रॅकची यादी). 'बीचंक' हे अशी इमेज तोडणारं साधन वापरून ट्रॅक वेगळे केले. आधी नुसती खरखर ऐकू येत होती, बाइटचा क्रम उलटा होता. '-एस' पर्याय दिल्यावर आवाज स्वच्छ झाला. मग ऑग व्हॉर्बिस या ध्वनी-स्वरूपात बदलून फाइल खेळाच्या आयडी१ फोल्डरमधल्या म्युझिक फोल्डरमध्ये ठेवल्या. क्रमांक ०२ पासूनच ठेवलेत, ०१ पासून दिले तर प्रत्येक लेव्हलला चुकीचं संगीत लागतं.

आता क्वेकस्पाझ्ममध्ये (आजच्या संगणकांवर क्वेक चालवणारा प्रोग्राम) संगीत वाजतं, पण ट्रॅक संपून पुन्हा सुरू होताना मध्ये ठळक शांतता येते. या खेळात वातावरणाचा अर्धा जीव त्या संगीतात आहे, त्यामुळे ती फार खुपते. एमपी३ मुद्दाम टाळलं, कारण त्याचा एन्कोडर टोकांना स्वतःची शांतता जोडतो.

ही शांतता क्यू फाइलमधल्या प्रीगॅपची (ट्रॅक सुरू होण्याआधीची मोकळी जागा), की मूळ रेकॉर्डिंगमध्येच आहे? वेव्ह फाइलचा शेवट ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात कापावा, की प्रीगॅप वगळून ट्रॅक काढणारं दुसरं साधन आहे? शेवटचा फेड-आउट शाबूत राहायला हवा.